इंग्रजीने माल जातो, अरबीने निकाल लागतो

मुलांना अरबी शिकवावी की इंग्रजी, हा वाद आमच्या मोहल्ल्यांत अजून संपलेला नाही. जमातीच्या बैठकीत, लग्नाच्या मांडवात, दुकानाच्या फळीवर बसून मंडळी तो तावातावाने घालतात. एक पक्ष म्हणतो, इंग्रजी ही पोटाची भाषा, मुलाला आधी ती येऊ द्या, बाकीचे नंतर पाहू. दुसरा म्हणतो, अरबी ही दीनची भाषा, तिला मागे कसे ठेवता? दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरून चालतात, ती ही की अरबीचा पोटाशी संबंध नाही. आमच्या मते वाद चुकतो तो इथेच. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी गावांत दोन-तीन पिढ्यांच्या चुली कुवेत, सौदी आणि दुबईच्या पगारावर पेटल्या. त्या गावांनी अरबी फक्त सवाबाच्या खात्यावर मांडावी, हे व्यापारी हिशेबाला धरून नाही.

तेव्हा आज या दोन भाषांकडे आम्ही व्यापाऱ्याच्या आणि कारागिराच्या नजरेने पाहणार आहोत. कोणती श्रेष्ठ, हा प्रश्न आमचा नाही. कोणती कुठे लागते आणि नसली तर किती रुपयांना पडते, एवढेच आम्हाला विचारायचे आहे.

आधी इंग्रजी घेऊ. आखातात माल पाठवायचा तर त्याचा सगळा प्रवास इंग्रजी कागदांवरून होतो. कोटेशन, प्रोफॉर्मा, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, विमा, सगळे इंग्रजीत. पैसे लेटर ऑफ क्रेडिटवर यायचे असतील तर त्यामागचे जगभरच्या बँकांचे नियम, ज्यांना यूसीपी ६०० म्हणतात आणि जे १ जुलै २००७ पासून लागू आहेत, तेही इंग्रजीत. या नियमांतील एक गोष्ट आमच्या नव्या निर्यातदारांनी पाठ करून ठेवावी. बँक मालाचे नव्हे, कागदांचे व्यवहार करते. तुमचा आंबा किती गोड, चामडे किती मऊ, कापडाचा पोत किती घट्ट, याच्याशी बँकेला कर्तव्य नाही. क्रेडिटमध्ये मालाचे जे वर्णन आहे त्याच्याशी बिलातले वर्णन जुळले पाहिजे. नगांचा आकडा, वजन, शेवटची तारीख, कुठे फरक पडला की बँक त्यावर बोट ठेवते आणि पैसे अडकतात. मग तिकडचा खरेदीदार भाव पाडून मागतो. माल बंदरात पडलेला, गाळ्याचे भाडे चढते आहे, अशा वेळी आपला माणूस कबूल करतो.

आता गंमत अशी की एवढ्या कामाला लागणारी इंग्रजी फार थोडी आहे. फर्डे बोलता येण्याशी तिचा संबंध नाही. गल्लोगल्ली निघालेले स्पोकन इंग्लिशचे क्लास मुलांना 'हाऊ डू यू डू' शिकवतात; एफओबी आणि सीआयएफ यांत जहाजाचे भाडे आणि विमा कोणाच्या अंगावर पडतो, हे शिकवत नाहीत. आमचे मत स्पष्ट आहे: ज्या मुलाला दुकानात बसायचे आहे, त्याला चार व्यापारी पत्रे बिनचूक लिहायला शिकवणारा मास्तर हवा, उच्चार गोरे करणारा नको.

हे झाले माल जाण्याचे. पण माल पोचल्यावर, माणूस पोचल्यावर, आणि विशेषतः तंटा उभा राहिल्यावर कारभार दुसऱ्या भाषेच्या हातात जातो. सौदी अरबच्या २००५ च्या कामगार कायद्याचे कलम ९ सांगते की नोकरीचे करार आणि नोंदी अरबीत असल्या पाहिजेत. जोडीला दुसरी भाषा वापरली असेल तर अरबी मजकूर ग्राह्य. म्हणजे कागदाच्या डाव्या बाजूला इंग्रजीत काहीही छापलेले असो, निकाल उजव्या बाजूवरून लागणार. दुबईतही नेहमीच्या न्यायालयांचे काम अरबीत चालते. तिथल्या वित्तीय केंद्राची वेगळी न्यायालये इंग्रजीत चालतात खरी, पण तो रस्ता मोठ्या कंपन्यांचा. सुतार, वेल्डर, शिंपी, ड्रायव्हर यांचे पाय तिकडे वळत नाहीत. संयुक्त अरब अमिरातीने २०१६ पासून नोकरीच्या प्रस्तावाचा कागद अरबी आणि इंग्रजीबरोबर कामगाराच्या समजुतीच्या तिसऱ्या भाषेतही देण्याची सोय केली. त्या भाषांत हिंदी आहे, उर्दू आहे, मल्याळम आणि तमिळही आहे. मराठी नाही. आपल्या माणसाने हिंदी किंवा उर्दू प्रत मागून घ्यावी आणि सहीपूर्वी वाचावी. पुष्कळजण ती मागतच नाहीत.

खाण्याच्या पदार्थांचेही तेच. आखाती देशांत बंद डब्यातल्या किंवा पाकिटातल्या पदार्थावर अरबी लेबल लागते. आमरसाचा डबा असो की मसाल्याचे पाकीट, घटक काय, कधी तयार झाले, कधीपर्यंत चालेल, हे अरबीत हवे. अरबी वाचता येत नसलेला कारखानदार छापखान्यावर विसंबतो, छापखाना संगणकावर विसंबतो, आणि संगणक कधी कधी अरबी अक्षरे सुटी सुटी करून डावीकडून उजवीकडे लावून टाकतो. अरबी अक्षरे शब्दात एकमेकांना जोडून येतात आणि ओळ उजवीकडून चालते. कुराण वाचणाऱ्या दहा वर्षांच्या मुलालाही असे लेबल पाहताच काहीतरी बिघडले आहे हे कळेल. कारखान्यात त्या मुलाला कोणी विचारत नाही!

यावर एक उत्तर ठरलेले असते. "आमचे चाचा वीस वर्षे तिकडे राहिले, अरबीचा एक शब्द आला नाही, त्यांचे काही अडले नाही." खरे आहे. आखातातल्या बाजारात हिंदी-उर्दूवर भागते, दुकानदार मल्याळी असला तरी भागते. याला जुना इतिहास आहे. मोत्यांचे अरब व्यापारी मुंबईत येऊन राहत, इथली भाषा बोलत. आखातात चलन म्हणून आपला रुपया चाले. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये त्या भागासाठी वेगळा रुपया काढला, आणि कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला, तेव्हापासून तो मागे हटत गेला. त्या काळी गरज त्यांना होती म्हणून भाषा ते शिकले. तेल निघाल्यावर गरज आपल्याला आहे. आणि चाचांचे अडले नाही, याचा अर्थ एवढाच की त्यांचा कधी तंटा झाला नाही. ज्याचा होतो त्याला विचारावे.

आता आकड्यांकडे येऊ, कारण नुकसान सर्वांत आधी तिथे होते. इंग्रज ज्यांना अरेबिक आकडे म्हणतात, ते आखातातल्या कागदांवर सर्रास असतीलच असे नाही. तिथले जुने आकडे वेगळे आहेत आणि अरब लोक त्यांना 'हिंदी आकडे' म्हणतात. अरबीतला पाच म्हणजे वाटोळे चिन्ह, हुबेहूब आपल्या शून्यासारखे. शून्य म्हणजे नुसता ठिपका. सहा दिसतो इंग्रजी साताच्या जातीचा. सात म्हणजे वर तोंड उघडलेली चिमटी, आठ म्हणजे तीच चिमटी पालथी. पंधराशे रियाल लिहिले तर एक उभी रेघ, एक वाटोळे, दोन ठिपके. नवखा मराठी माणूस त्यात पाच कुठे आहे ते शोधत बसतो; वाटोळ्याला शून्य समजून दहा वाचतो आणि ठिपके शाईचे डाग मानतो. पगाराचा आकडाच ज्याला वाचता येत नाही तो बाकीचा करार काय वाचणार? हे दहा आकडे शिकायला एक दुपार पुरते.

आणि वाचनाची दिशा? अक्षरे उजवीकडून, पण आकडे डावीकडून, आपल्यासारखेच. तोंडाने म्हणताना मात्र अरब माणूस एकक आधी म्हणतो: 'खम्सा व इश्रीन', पाच आणि वीस. मराठीतही आपण पंचवीसच म्हणतो, पाच आधी. इंग्रज वीस आधी म्हणतो. मराठी माणसाला अरबी मोजणी इंग्रजीपेक्षा जवळची आहे, हे आमच्या शिक्षकांना कोणी सांगत नाही.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. युरोपला हे आकडे आणि शून्य शिकवणारे गाजलेले पुस्तक १२०२ मध्ये लिहिले ते पिसा शहरातल्या लिओनार्दोने, ज्याला फिबोनाची म्हणतात. त्याचे वडील उत्तर आफ्रिकेतल्या बुजिया बंदरात पिसाच्या व्यापाऱ्यांच्या वतीने जकातीचे काम पाहत. मुलगा तिथे अरबांकडून हिशेब शिकला. आपले शून्य अरबीत 'सिफ्र' झाले आणि सिफ्रचे इंग्रजीत 'झीरो' झाले. इंग्रजी व्यापाराची शब्दांची पेटी उघडली तर अरबी माल पुष्कळ निघतो. 'टॅरिफ' हा 'तारीफ', म्हणजे माहिती देणे. रिकाम्या पिंपाचे वजन वजा करतो त्याला 'टेअर' म्हणतात, तो अरबी 'तर्ह'. 'मॅगझीन' म्हणजे मूळचे 'मखाझिन', गुदामे. 'कॉटन' हा 'कुत्न', सोनाराचा 'कॅरट' हा 'किरात'.

इंग्रजीची ही उधारी. मराठी बाजाराची उधारी तर याहून मोठी आहे. हिशेब, दुकान, माल, किंमत, वजन, नफा, नुकसान, कर्ज, मुदत, करार, वसूल, बाकी, हवाला, दलाल, हमाल, सारे अरबीतून आलेले, बहुतेक फारसीच्या वाटेने. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात, १६७७ च्या सुमारास, राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. दरबारातले काही शब्द त्याने बदलले. बाजारातले मात्र जागचे हलले नाहीत. आजही मराठी वाणी, मग तो कोणत्याही धर्माचा असो, दिवसभर अरबी शब्दांत गल्ला मोजतो.

पण इथेच सावध राहायचे आहे. शब्द ओळखीचा दिसला म्हणून अर्थही ओळखीचा असेल असे नाही. आपल्याकडे रक्कम म्हणजे पैसे. अरबीत 'रकम' म्हणजे नंबर. कागदावर 'रकम' पुढे जो आकडा आहे तो पगार नसतो, फाइलचा नंबर असू शकतो. आपला वकील काळा कोट घालतो. अरबीतला 'वकील' मुखत्यार किंवा एजंट, आणि कोर्टातला तो 'मुहामी'. आपल्याकडे बकाल म्हणजे कळकट वस्ती. तिकडे 'बक्काला' म्हणजे कोपऱ्यावरचे किराणा दुकान, आणि त्यात आपली कितीतरी मुले नोकरी करतात. नक्कल म्हणजे आपल्याला प्रत. अरबीत 'नक्ल' म्हणजे हलवणे, वाहतूक, आणि नोकरी एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाण्यालाही हाच शब्द. एखाद्याने 'नक्ल'च्या कागदावर, फक्त झेरॉक्स काढायची आहे अशा समजुतीने सही केली तर दोष कोणाला द्यायचा? आपल्या घरात 'अक्द' म्हणजे निकाह. तिकडे निकाह अक्दच, पण खोलीच्या भाड्याचा आणि नोकरीचाही करार अक्दच.

यावर उपाय अरबीतच आहे, आणि तो इंग्रजीत नाही. अरबी शब्द साधारण तीन अक्षरांच्या मुळावर उभा राहतो. मूळ ओळखले की कुटुंब ओळखता येते. अलिफ-जीम-रे घ्या. 'अज्र' आपण सवाबाच्या अर्थाने म्हणतो. सौदीच्या कामगार कायद्यात 'अज्र' म्हणजे मजुरी. त्याच घरातला 'अजीर' म्हणजे मजूर, 'ईजार' म्हणजे भाडे, 'मुस्ताजिर' म्हणजे भाडेकरू, आणि आपला मराठी इजारदारही त्यांचाच भाऊबंद. इंग्रजीत वेज, लेबरर, रेंट, टेनंट हे चार शब्द एकमेकांचे तोंडही पाहत नाहीत. चारही वेगळे पाठ करावे लागतात.

कारागिरांना तर याहून सोपी किल्ली आहे. मधले अक्षर दुहेरी करून 'आ' लावला की अरबीत धंदेवाला तयार होतो. खय्यात शिंपी, नज्जार सुतार, हद्दाद लोहार, दब्बाग चामडे कमावणारा, सब्बाग रंगारी. हा साचा आपल्याला नवा नाही. अत्तार, सराफ, कसाब ही आपल्याच लोकांची आडनावे त्या साच्यातली आहेत, आणि बाजारातले दलाल व हमालही. इंग्रजी शब्दाला शेपूट लावते, टॅनर, बेकर. अरबी शब्दाचे पोट बदलते.

अडचणी नाहीत असे कोण म्हणतो? इंग्रजीत लिहितात एक आणि वाचतात दुसरे. 'रिसीट' शब्दातल्या मुक्या 'पी'ने किती पिढ्यांना छळले आहे! अरबीत लिहिलेले अक्षर साधारण बोलले जातेच, पण ऱ्हस्व स्वर लिहिले जात नाहीत. ऐन-काफ-दाल ही तीन अक्षरे 'अक्द' वाचली तर करार, 'इक्द' वाचली तर गळ्यातला हार. कुराणात जेर-जबर-पेश दिलेले असतात, पाटीवर आणि पावतीवर नसतात. म्हणून दहा वेळा कुराण खतम केलेला माणूस जेद्द्याच्या बाजारात दुकानाची पाटी वाचताना अडखळतो. शिवाय पुस्तकाची अरबी वेगळी, रस्त्यावरची वेगळी. पण कागद पुस्तकाच्या अरबीतच असतो, आणि आमचा मतलब कागदाशी आहे.

अरबीत 'प' नाही, 'च' नाही. याची मौज गॅरेजवाल्यांना लवकर कळते. आखातातल्या रस्त्यांवर 'बन्शर' अशी पाटी दिसते. ती आपल्या पंक्चरवाल्याची. इंग्रजी शब्द अरबी कपडे घालून उभा असतो. पण हीच गोष्ट आडनावाला लागू झाली की मौज संपते. परकारचे अरबीत 'बरकार' होते, चिपळूणचे 'शिबलून'. कोणी कारकून तो अरबी कागद पाहून पुन्हा इंग्रजीत उतरवतो आणि पासपोर्टवर एक आडनाव, नोकरीच्या नोंदीत दुसरे. मग बँकेत पैसे अडकतात, विम्याचा दावा अडकतो. शेख या एका शब्दाची इंग्रजीत तीन स्पेलिंगे आपण स्वतःच करतो, एकाच घरात! अरबीत त्याचे एकच. पासपोर्टवर जे आहे तेच सगळीकडे, आणि त्याचे अरबी रूप पहिल्याच दिवशी तपासून घेणे, एवढे तरी व्हावे.

आता शेवटचा कागद, जो सर्वांत महाग पडतो. नोकरी सुटताना एक सही मागतात. कागदाचे नाव 'मुखालसा'. त्यात साधारण असे असते की माझे सर्व देणे मला मिळाले, माझा मालकावर कोणताही हक्क राहिला नाही. विमानाचे तिकीट समोर ठेवून, घाईत, ही सही घेतली जाते. सेवासमाप्तीची रक्कम, राहिलेल्या सुट्टीचे पैसे, दोन महिन्यांचा थकलेला पगार, सगळ्यावर पाणी पडू शकते ते या एका सहीने. मुखालसा हा शब्द कठीण वाटतो का? खे-लाम-साद हे त्याचे मूळ. आपण रोज 'खलास' म्हणतो. मुळे ओळखायला शिकलेला मुलगा तो शब्द पाहताच थबकेल आणि विचारील, काय खलास करता आहात? मोबाइलचा कॅमेरा आता छापील अरबीचे भाषांतर करून देतो, त्याचा उपयोग जरूर करावा. हाताने लिहिलेल्या ओळीवर तो फसतो, आणि रक्कम बहुधा हातानेच लिहिलेली असते.

केरळने हे ओळखले. तिथे सरकारी शाळांतून अरबी विषय म्हणून शिकवली जाते, आणि मल्याळी माणूस आखातात नुसता मजूर राहिला नाही, तो कचेरीत बसला. आपल्याकडे मक्तब आहेत, उस्ताद आहेत, आणि नाजरा पूर्ण केलेली मुले आहेत ज्यांना अक्षरे व जोडणी आधीच येते. म्हणजे निम्मे काम फुकट झालेले आहे. मक्तब या शब्दाचेच पाहा: आपल्याकडे शाळा, तिकडे ऑफिस. कुराणातली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे उस्तादांना आम्ही सांगायची गरज नाही. नाजरा झाल्यावर आठवड्यातून एक तास दहा आकडे, वीस-पंचवीस मुळे आणि पाच कागदांचे नमुने, म्हणजे नोकरीचा करार, भाडेकरार, पावती, लेबल आणि मुखालसा, एवढे शिकवता येईल. दुसरा एक तास इंग्रजी कोटेशन आणि बिलाचा. नमुने जमवण्याचे काम तिकडून सुट्टीवर येणाऱ्या मंडळींनी करावे. नाव-नंबर खोडून झेरॉक्स दिली तरी पुरे. उस्तादांचे त्या दोन तासांचे मानधन बाजारपेठेतल्या चार दुकानदारांनी वाटून घ्यावे. शाबानमध्ये गावोगाव चाकरमानी यायला लागतात, त्याआधी कमिट्यांनी हा विषय बैठकीत घ्यावा.